चहाचे आमंत्रण आणि वेगळी पलटण

दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये उतरले. परमुलखात कसे वागावे हे त्यांना शिकवण्यासाठी 1943 साली 'अ वेलकम टू ब्रिटन' हा माहितीपट निघाला. त्यातला एक प्रसंग आंबेडकरी तरुणांनी मुद्दाम पाहावा, असे आम्हाला वाटते.

रेल्वेत भेटलेली एक वयस्कर इंग्रज बाई काळ्या अमेरिकन सैनिकाला घरी चहाला बोलावते. लगेच निवेदक बर्जेस मेरेडिथ कॅमेऱ्याकडे वळून गोऱ्या सैनिकांना समजावतो की, आपल्याकडे असे होत नाही, पण इथे होते. सवय करून घ्या.

हिटलरच्या वंशवादाशी लढायला निघालेल्या फौजेला एका कप चहाचा खुलासा द्यावा लागला! पडद्यावर सौजन्य होते, छावणीत मात्र काळ्यांच्या तुकड्या वेगळ्याच होत्या. सैन्यातला हा भेद संपवण्याचा ट्रूमन यांचा आदेश निघाला 1948 मध्ये, युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर.

परळ-लालबागला यात नवे काय? धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकरांना चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचे विणाई खाते आपल्या माणसांना बंद! भोंगा एक, संप एक, पण धोटा वेगळा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे कामगार पुढाऱ्यांना तो ऐकावा लागला.

लष्करातही तेच. पहिल्या महायुद्धात माणसे हवी होती म्हणून 1917 मध्ये 111 महार पलटण उभी राहिली. 1921 मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो. 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे, कुणाच्या उपकाराने नव्हे.

चहाचे आमंत्रण वाईट नाही. पण आमंत्रण देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क कुणाच्या मर्जीवर नसतो. काळ्या अमेरिकनांनी हे ओळखून 1942 मध्येच 'डबल व्ही'ची हाक दिली होती: बाहेर फॅसिझमवर विजय, घरात वर्णभेदावर विजय.

आज कॅमेरे घेऊन आपल्या वस्तीत जेवायला येणाऱ्या नेत्यांना म्हणूनच एवढेच विचारा: जेवण झाले, आता कंत्राटी सफाई कामगार कायम कधी करता?

जय भीम!