पिस्तूल दिसते, माणूस दिसत नाही

राइस मिलांच्या आणि घाऊक व्यापाराच्या गोंदिया शहरात ज्याच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल आहे, असा गृहस्थ दिवसाची रोकड पिशवीत घालून रात्री घराकडे निघतो, तेव्हा त्याला एक प्रश्न भेडसावतो. काळोखात कोणी अंगावर आले, तर नेम कसा धरायचा? पिस्तुलाच्या नळीवरची काळी साइट रात्री दिसत नाही. मग जाणते मित्र सल्ला देतात की, अंधारात चमकणारी साइट बसवून घ्यावी. कोणी हिरव्या ठिपक्यांची शिफारस करतो, कोणी नारिंगी कड्याची. तास-दोन तास असा खल होतो आणि अखेरीस वाद उरतो तो केवळ किमतीचा. वस्तुतः जेथून आरंभ व्हायला हवा, तो प्रश्न या बैठकीत कोणी विचारीतच नाही. या चमकत्या ठिपक्यांच्या उजेडात नेमके काय दिसते?

या वस्तूचे गुणदोष आधी प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत, कारण अज्ञानावर उभारलेली टीका टिकत नाही. अंधारातील साइटचे मुख्य प्रकार तीन. पहिला चमकत्या रंगाचा. हा रंग दिव्याखाली धरला की प्रकाश शोषतो आणि काही काळ तो परत देतो. परंतु सदऱ्याखाली, चामड्याच्या म्यानात दिवसभर दडलेल्या पिस्तुलाला प्रकाश मिळणार कोठून? ऐन वेळी हा रंग विझलेला असतो. दुसरा प्रकार प्रकाशवाहक तंतूचा. भोवतालचा उजेड गोळा करून तो टोकाशी ठिपका उजळतो. दिवसा उत्तम, संध्याकाळी बरा, गडद अंधारात निरुपयोगी. तिसरा प्रकार ट्रिटियमचा. हायड्रोजनचे हे किरणोत्सारी रूप काचेच्या सूक्ष्म नळीत कोंडलेले असते आणि नळीच्या आतला लेप त्याच्यामुळे अखंड चमकत राहतो. त्याला ना विजेची गरज, ना बाहेरच्या प्रकाशाची. मात्र ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षांचे आहे. म्हणजे बारा वर्षांत त्याचे तेज निम्मे होते आणि पंचविशीच्या सुमारास चतुर्थांश उरते. शिवाय मागचे दोन ठिपके आणि पुढचा एक सारख्याच तेजाचे असले, तर घाबरलेल्या डोळ्याला पुढचा कोणता आणि मागचा कोणता हेच उमगत नाही. म्हणून पुढचा ठिपका अधिक ठळक असावा लागतो. त्यातून .३२ बोअरच्या जुन्या देशी रिव्हॉल्व्हरवर पुढची साइट बहुधा नळीबरोबरच घडवलेली असते. ती बदलायची कशी, हा प्रश्न निराळाच.

तात्पर्य, निवडच करायची झाली तर ट्रिटियम सरस, हे मान्य करता येईल. पण ते मान्य केल्यावरच या व्यवहारातील मूळ दोष उघडा पडतो. या तिन्ही प्रकारांत चमकते ते पिस्तूल. समोरच्या माणसावर त्यांचा एक किरणही पडत नाही. नळी कोणत्या दिशेला वळली आहे, एवढेच ठिपके सांगतात. त्या दिशेला कोण उभे आहे, हे सांगत नाहीत. तो दरोडेखोर आहे की रात्रीची पाळी संपवून परतणारा हमाल? कुंपणावरून आत आलेला चोर आहे, की उशीर झाला म्हणून फाटक न वाजवता शिरलेला घरचाच मुलगा? अंधारात नेम अचूक धरण्याची सोय झाली, पण अंधारात ओळख पटवण्याची सोय मात्र झाली नाही. ओळखीवाचून अचूक नेम ही सुरक्षितता नव्हे. तो अपघाताचा बंदोबस्त आहे.

म्हणूनच ज्यांना या विद्येची खरी जाण आहे, ते साइटच्या आधी विजेरीची गोष्ट काढतात. तीही पिस्तुलाला जोडलेली नव्हे, तर मोकळ्या हातातली. कारण पिस्तुलाला जोडलेली विजेरी ज्याच्यावर रोखावी, त्याच्यावर पिस्तूलही रोखले जाते. आणि विजेरीच्या झोतात समोरचा माणूस दिसू लागला की त्याच झोतात काळी साइटही दिसते. मग चमकत्या ठिपक्यांचे प्रयोजन फारच थोडे उरते. काही शे रुपयांच्या विजेरीने जे काम साधते, त्यासाठी महागड्या ठिपक्यांची हौस का निर्माण व्हावी? कारण विजेरी प्रत्येकाच्या हातात असते. तिच्यात मिरवण्याजोगे काही नाही.

कायदाही याच प्रश्नाकडे बोट दाखवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने जुन्या दंडसंहितेतील खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये कायम ठेवला आहे. मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीबाबतही कलम ४१ मालमत्तेच्या बचावाचा हक्क तेथवर नेते. पण त्याच संहितेचे कलम ३७ बजावते की, बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका अवधी असेल, तर हा हक्कच उरत नाही. भीती वाजवी होती की नाही, हे जो माणूस दिसलाच नाही त्याच्याविषयी कसे ठरवणार? परवानाधारक न्यायालयात उभा राहील, तेव्हा त्याला ठिपके किती तेजस्वी होते हे कोणी विचारणार नाही. समोर काय पाहिले, हेच विचारले जाईल.

आणि जे डोळ्यांना दिसत नाही, ते मन रंगवते. काळोखातला चोर कोणत्या चेहऱ्याचा असतो? तो कधी सावकाराच्या चेहऱ्याचा नसतो, ठेकेदाराच्याही नसतो. तो फाटक्या कपड्यांचा असतो, परक्या बोलीचा असतो, पालावर राहणारा असतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातींच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण सुखवस्तू समाजाच्या मनातून तो रद्द झालेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले, तेही दिवसाढवळ्या. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक चोर असल्याच्या संशयावरून मारले गेले. दोन्ही ठिकाणी हत्यारे साधी होती. मारणाऱ्यांच्या हातांना नेम साधला नाही, असे कोठेही घडले नाही. घडले ते एवढेच की, समोरचा माणूस कोण आहे, हे पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही. जमावाच्या हातातल्या काठीला जे लागू आहे, तेच एकट्याच्या हातातल्या पिस्तुलालाही लागू आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो तुच्छ लेखण्याजोगा नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क हा स्वतंत्र नागरिकाचा मान आहे, असे पूर्वीच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनीच म्हटले होते. लिटनच्या राजवटीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दावणीला बांधले आणि गोऱ्यांना मोकळे सोडले. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतच या अपमानाविरुद्ध आवाज उठला. हे सारे खरे. परंतु तो लढा समानतेचा होता. ज्याच्या गाठीला पैसा त्यानेच सज्ज व्हावे, असा त्याचा अर्थ नव्हता.

स्वतंत्र भारताने केलेल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात या समानतेची एक अंधुक खूण आहे. त्याच्या कलम १३ ने पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे म्हटले. पिस्तुलासारख्या इतर हत्यारांसाठी मात्र सबळ कारण दाखवावे, अशी अट घातली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने राखण करणारा शेतकरी पहिला आणि कमरेला पिस्तूल लावणारा मागचा. प्रत्यक्षात काय झाले? दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये! त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. हिशेब सरळ आहे. सातशेहून अधिक दिवस राबावे आणि एक पैसाही पोटात घालू नये, तेव्हा मजूर बाईला ही निर्भयता विकत मिळावी. केंद्रीय कायद्याने एका कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळची संपूर्ण हमी एका रिव्हॉल्व्हरला पुरली असती. ज्या देशात निर्भयतेला अशी किंमत लावली जाते, तेथे चमकते ठिपके हा केवळ त्या किमतीवरचा अलंकार होय.

आता त्याच गोंदिया जिल्ह्याची दुसरी रात्र पाहावी. तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता ३,३०० मेगावॉट आहे. त्याच्या धुराड्यांचे दिवे रात्री दूरवरून दिसतात. आणि उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी सोडणाऱ्या शेतकऱ्याला वीज वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने मिळत आली. काही दिवस दिवसा, तर काही दिवस मध्यरात्री. शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आणावी लागली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती काढावी लागली, यातच या अन्यायाची सरकारी कबुली आहे. रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली साप असतो, ओलसर हातात स्टार्टर असतो आणि बांधावर रानडुकरांचा कळप असतो. डुकरे आवरावीत म्हणून कोणी कुंपणात वीजप्रवाह सोडतो आणि त्या तारेला कधी वाघ चिकटतो, कधी शेजारचाच शेतकरी. वन्यजीव वाचला पाहिजेच. त्याचा भार मात्र सर्वांत दुबळ्या खांद्यांवर का?

२०१३ साली नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०२३ साली ब्रह्मपुरीच्या बाजूच्या वाघिणी तेथे आणून सोडण्यात आल्या. त्या जंगलाच्या कडेला मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया फटफटायच्या आधी घराबाहेर पडतात. वनरक्षक काठी आणि विजेरी घेऊन रात्रीची गस्त घालतो. अडलेल्या बाळंतिणीसाठी आशा सेविका मध्यरात्री निघते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीतील आदिवासी तर दशकानुदशके दोन बंदुकांच्या मधोमध जगला; रात्री दार वाजले की बाहेर कोण आहे हे त्यालाही दिसत नव्हते आणि आत कोण आहे हे बाहेरच्यालाही. या साऱ्यांपैकी कोणालाही चमकत्या साइटची निवड करावी लागलेली नाही. रात्रीचा धोका मात्र सर्वांत अधिक त्यांनीच सोसला आहे, आणि तोही निःशस्त्रपणे.

म्हणून परवानाधारकांना सांगावयाचे ते थोडके आहे. धमकी खरी असेल, परवाना रीतसर असेल, तर हत्यार बाळगावे. परंतु चांगली विजेरी आधी घ्यावी, हत्यार कुलपात ठेवावे, सराव करावा आणि समोरचा माणूस ओळखल्याखेरीज चापावर बोट ठेवू नये. एवढे पाळणाऱ्याला ठिपक्यांची चिंता फारशी उरणार नाही.

शासनाला विचारावयाचे ते मात्र अधिक आहे. शेतीला दिवसा वीज केव्हा मिळणार? गावच्या वेशीपासून वस्तीपर्यंत रस्त्यावर दिवा केव्हा लागणार? जंगलकाठच्या गावात फोन लागेल आणि फोन केल्यावर गाडी येईल, अशी व्यवस्था केव्हा होणार? वनरक्षकाला एकट्याने रात्र काढावी लागू नये, आशा सेविकेला सोबत मिळावी, वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई हेलपाट्यांवाचून हातात पडावी, या मागण्या काही क्रांतीच्या नाहीत. त्या पुऱ्या झाल्या तर शेतमजुराची रात्र सुरक्षित होईल आणि त्याबरोबर रोकड घेऊन घरी निघालेल्या व्यापाऱ्याचीही. रस्त्यावरच्या दिव्याखाली दोघेही एकमेकांना दिसतील. पिस्तुलावरचा ठिपका हा उजेड देऊ शकत नाही. तो फक्त ज्याच्या हातात पिस्तूल आहे, त्यालाच दिसतो.