आता या वयात कशाला?

मराठीत कठोर वाक्यांचा तुटवडा नाही; परंतु सर्वांत निर्दय वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी शिवीगाळीच्या वाटेला जाणार नाही. ‘आता या वयात कशाला?’ हेच ते वाक्य. ते कधी रागाने उच्चारले जात नाही. मायेने, समजूतदारपणे, चहाचा कप हातात घेऊन उच्चारले जाते, आणि म्हणूनच त्याविरुद्ध कुठे दादही मागता येत नाही. वणीपासून उमरखेडपर्यंत आणि नेरपासून पांढरकवड्यापर्यंत, आमच्या जिल्ह्यातल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या किती म्हाताऱ्यांचे जग या एका वाक्याने अंधारले असेल, याची गणती कोण ठेवतो?

प्रश्न मोतीबिंदूचा आहे. बाहुलीच्या मागे जे नैसर्गिक भिंग असते, ते वयोमानाने गढूळ होते. खिडकीच्या काचेवर धुके साचावे तसे. धुके साचले म्हणून घरातला माणूस मेला असे कोणी म्हणत नाही. काच बदलतात. डोळ्याचे भिंगही बदलता येते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे अक्रिलिकचे कण शिरले, तरी डोळा ते खपवून घेतो, हे हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टराने पाहिले आणि १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग माणसाच्या डोळ्यात बसविले. हे भिंग एके काळी श्रीमंतांचीच मिरास होते. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाच्या मंडळींनी १९९२ पासून ते स्वस्तात बनवायला घेतले आणि ते गरिबाच्या आवाक्यात आणले. आपल्या देशात अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. एवढे सगळे असूनही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत काय आढळले? पन्नाशीच्या वरच्या आंधळ्या माणसांपैकी ६६ टक्क्यांचे अंधत्व मोतीबिंदूमुळेच आलेले होते. म्हणजे तीनांतले दोघे अशा दुखण्याने आंधळे, ज्यावर इलाज आहे!

आता समजूतदार मंडळींचे मुद्दे एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा: ‘म्हातारीला ऑपरेशन सोसणार नाही.’ ऑपरेशन म्हटले की यांच्या डोळ्यांसमोर क्लोरोफॉर्म आणि फाडलेले पोट उभे राहते. अहो, मोतीबिंदूला बहुधा सगळे अंग बधिर करावे लागत नाही. डोळ्याभोवती एक सुई किंवा नुसते थेंब, लहानशी चीर, पुष्कळदा टाकाही नाही, आणि साधारण वीस मिनिटांचे काम. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची तपासणी करून ते आटोक्यात ठेवावे लागतात, हे खरे. पण केवळ जन्मसाल पाहून नकार देण्याचे कारण वैद्यकशास्त्रात नाही.

दुसरा मुद्दा: ‘अजून पिकला नाही, पिकू द्या.’ हा आंब्याच्या अढीचा न्याय पूर्वी ठीक होता. तेव्हाची पद्धत निराळी होती. आज पिकविण्यात तोटाच आहे. जितका उशीर, तितके भिंग कठीण आणि तपकिरी होते, त्याला धरून ठेवणारे तंतू सैल पडतात आणि शल्यवैद्याचे काम अवघड होते. फार पिकलेला मोतीबिंदू पाझरून डोळ्यातला दाब वाढवतो. मग डोळा लाल होतो, असह्य ठणकतो आणि कायमचाही जाऊ शकतो. ‘थंडीतच ऑपरेशन’ ही त्याच जातीची दुसरी समजूत. ऋतूचा आता काही संबंध नाही.

तिसरा मुद्दा बोलला जात नाही, पण तोच खरा असतो: ‘तिला पाहायचे काय राहिले आहे?’ शेतात जायचे नाही, पोथी वाचायची नाही, मग डोळे कशाला? या हिशेबाची मला शाळामास्तर म्हणून चीड येते. माणसाची किंमत त्याच्या कामावरून लावायची, तर बारशाच्या पाळण्यातले पोरही बिनकामाचेच की! आणि निव्वळ व्यवहार पाहायचा असला, तरी हिशेब चुकतोच. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे सत्तरीच्या वरच्या ३०६ स्त्रियांची पाहणी झाली. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केली, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे वाट पाहावी लागली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी भरले. हाडेही कमी मोडली. न्हाणीच्या उंबऱ्यावर अडखळून म्हातारीच्या खुब्याचे हाड मोडले म्हणजे पुढे घरादाराचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा आकडा समजावून सांगायला नको.

‘पण ती स्वतःच नको म्हणते ना!’ म्हणतेच. ‘माह्यं आता काय राह्यलं पाह्याचं?’ असे ती म्हणते. परंतु वर्षानुवर्षे जे तिने आपल्याभोवती ऐकले, तेच ती बोलते आहे. खर्च पोराच्या अंगावर पडेल, कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाचा खाडा होईल, या धास्तीने दिलेल्या नकाराला नकार म्हणत नाहीत. म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांची पाळी घरात सगळ्यांत शेवटी येते, हे मुद्दाम सांगायला का हवे?

मात्र या बाजूने वाद घालताना दुसऱ्या बाजूचे धोके लपविणे हा अप्रामाणिकपणा होईल. अतिवृद्ध डोळ्याची शस्त्रक्रिया साठीच्या डोळ्याइतकी सोपी नसते. बाहुली पुरती उघडत नाही, बुबुळावरच्या पेशी कमी झालेल्या असतात, भिंगामागचे पातळ आवरण फाटण्याचा संभव वाढतो. लघवीच्या त्रासासाठी पुष्कळ आजोबा टॅम्सुलोसिनची गोळी घेतात. तिच्यामुळे डोळ्यातला रंगीत पडदा शस्त्रक्रियेत ढिला पडतो. ती गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेतली होती, हे डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. आतले दृष्टिपटल झिजलेले असेल, काचबिंदू असेल, तर नवे भिंग बसवूनही पूर्ण दृष्टी येणार नाही. हे आधी सांगितले नाही, तर नंतर सगळा दोष डॉक्टरच्या माथी. तरीसुद्धा, अतिवृद्धांतही बहुतेकांना पूर्वीपेक्षा चांगले दिसू लागते, हाच सर्वत्रचा अनुभव आहे.

सर्वांत भयंकर धोका जंतुसंसर्गाचा. चांगल्या रुग्णालयात तो हजारात एखाद्याला होतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. पण जिथे माणसांऐवजी आकडे मोजले जातात, तिथे काय होते? नोव्हेंबर २०१४ मध्ये पंजाबातल्या घुमानला एका शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची दृष्टी गेली. संत नामदेवांचे हेच घुमान. पुढच्याच एप्रिलात तिथे आपले साहित्य संमेलन भरले. आणि २०१५ साली आमच्या शेजारच्या वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर संसर्ग होऊन रुग्णांना मुंबईला हलवावे लागले. शिबिरांना माझा विरोध नाही. वणीच्या पलीकडे वरोऱ्याला, आनंदवनात, डॉ. तात्याराव लहाने यांनी घेतलेल्या शिबिरांनी किती गोरगरिबांना दृष्टी दिली! माझा विरोध आहे तो पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मुहूर्त साधून भरविलेल्या, हारतुऱ्यांच्या आणि फोटोंच्या शिबिरांना. जिथे हिरवी पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यांना रांगेने बसवून फोटो काढतात, आणि चौथ्या दिवशी डोळा ठणकू लागला तर कोणाचे दार ठोठवायचे, हे कोणी सांगत नाही. तपासणी गावात होवो. शस्त्रक्रिया कायमच्या, निर्जंतुक शस्त्रक्रियागृहातच झाली पाहिजे, आणि नंतरच्या देखभालीची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असली पाहिजे.

ती जबाबदारी घराचीही आहे. शस्त्रक्रिया वीस मिनिटांची, पण थेंब काही आठवडे घालावे लागतात. थरथरत्या हाताने म्हातारी ते स्वतः घालू शकत नाही. कोणीतरी हात धुऊन घातले पाहिजेत. डोळा चोळू द्यायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. दुखणे, लाली किंवा अंधुकपणा वाढला, तर ‘उद्या पाहू’ न म्हणता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. पट्टी बांधलेल्या पहिल्या रात्री म्हातारी माणसे गोंधळतात, भलतेच बोलतात. उशाशी ओळखीचा आवाज हवा. याला पैसा लागत नाही, माणूस लागतो. शस्त्रक्रियेला विरोध करणाऱ्या पुष्कळ घरांची खरी अडचण हीच असते, आणि ती म्हातारीच्या वयाच्या नावावर खपवली जाते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरी चकल्या-करंज्यांचे डबे भरलेले असतील आणि मुले-सुना, लेकी-जावई जमलेले असतील. एवढी माणसे वर्षातून एकदाच एकत्र येतात. कोपऱ्यातल्या आजीपुढे बसा. तिला किती बोटे दिसतात, दारातली पणती कोणत्या बाजूला आहे ते कळते का, हे विचारा. प्रकाश कुठून येतो एवढे जरी कळत असेल, तरी आशेला जागा आहे. भाऊबीज झाली की तिला यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रवैद्याकडे घेऊन जा. फायदा किती, धोका किती, हे तिच्यासमक्ष, तिला समजेल अशा शब्दांत विचारा. थेंब कोण घालणार आणि रात्री उशाशी कोण बसणार, हेही तिच्यासमोरच ठरवा. मग तिला विचारा, ‘आजी, करायचे का?’ सगळे ऐकून, कोणाच्या खर्चाची नि खाड्याची धास्ती न बाळगता ती ‘नको’ म्हणाली, तर तो तिचा अधिकार. त्यापुढे कोणी एक शब्द बोलू नये. पण तिच्या वतीने ‘नको’ म्हणण्याचा अधिकार मात्र मुलाला नाही, जावयाला नाही, आणि शेजारच्या शहाण्याला तर मुळीच नाही.