नियमावली एक झाली, आता जमिनीची दप्तरे एक करा: परभणीच्या भूखंडधारकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, परभणी
मा. आयुक्त, परभणी शहर महानगरपालिका
मा. सहायक संचालक, नगररचना, परभणी

विषय: एकत्रीकृत नियमावलीचा लाभ लहान भूखंडधारकांपर्यंत पोहोचवणे आणि जमिनीच्या दप्तरांचा मेळ घालणे.

महोदय,

१ नोव्हेंबर २०११ रोजी परभणी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाख सात हजारांवर गेली होती. तेव्हापासून वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, पाथरी रोड अशा चारही अंगांना शेतांचे प्लॉट पडत गेले. पूर्वी ‘ड’ वर्ग महापालिकांना एक नियमावली, नगरपरिषदांना दुसरी आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्राला तिसरी होती. शहराची हद्द ओलांडली की सामासिक अंतरापासून चटई क्षेत्रापर्यंत सगळा हिशेब बदलायचा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिचे आम्ही तेव्हाही स्वागत केले, आजही करतो.

आमचे म्हणणे पुढचे आहे. नियम एक झाले, पण जमीन अजून चार दप्तरांत विभागलेली आहे. सातबारा तलाठ्याकडे, मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखकडे, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आणि रेखांकन नगररचनेकडे. या चौघांचा एकमेकांशी मेळ नाही आणि त्याची किंमत सर्वांत लहान माणूस मोजतो.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, जेमतेम १०१ चौरस मीटर. नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला फार मोठी सवलत आहे: परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने नकाशा द्यायचा, शुल्क भरायचे आणि कामाला लागायचे. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी. गुंठाभर जागेवर दोन खोल्या बांधणारा हमाल, मिस्त्री, शिपाई यांच्यासाठीच जणू ही तरतूद केली आहे. पण ती मिळते मंजूर रेखांकनातल्या भूखंडाला, आणि याच माणसाचा प्लॉट गुंठेवारीतला असतो. तुकडेबंदीमुळे त्याची नोंदणी अडली, म्हणून त्याने बाँडवर व्यवहार केला. बाँडवर घेतले म्हणून फेरफार नाही, फेरफार नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, आणि मग बांधकाम विनापरवाना. नियमावलीतली सर्वांत चांगली सवलत ज्याच्यासाठी आहे त्याच्या दारापर्यंत ती येतच नाही, हे आम्हाला सर्वांत जास्त बोचते.

गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांपर्यंत वाढवली. म्हणून पहिली आणि मुख्य मागणी ही, की अर्जांची वाट न पाहता प्रशासनानेच वसाहतनिहाय मोजणी करावी, प्रत्येक वसाहतीचे रेखांकन एकत्र तयार करावे आणि भूखंडधारकाला प्रमाणपत्र व फेरफार एकाच शिबिरात द्यावा. प्रशमन व विकास शुल्क हप्त्याने घ्यावे आणि ते त्याच वसाहतीच्या रस्त्या-नालीवर खर्च झाल्याचा हिशेब फलकावर लावावा. यात आम्ही एक अट स्वतःहून घालतो: नाल्याच्या पात्रातले आणि आरक्षित जागेवरचे भूखंड यातून वगळावेत. त्या कुटुंबांचे पुनर्वसन वेगळे करावे, पण नाला नियमित करू नये. पिंगळगड नाल्याच्या दोन्ही काठांची मोजणी होऊन जमिनीवर दगड रोवले जावेत. नुसती नकाशावरची रेष पावसाळ्यात कुणाला वाचवत नाही.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागांची. चार हजार चौरस मीटर आणि त्यावरील जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नकाशावर ती हिरव्या रंगात दिसते. सातबारावर मात्र मूळ मालकाचेच नाव राहते. मालक वारतो, वारसांची नोंद होते आणि ज्या जागेवर मुले खेळतात तिचे खरेदीखत एके दिवशी तिसऱ्याच माणसाच्या नावे निघते. रहिवाशांना हे कळते ते पत्र्याचे कुंपण पडल्यावर. यानंतर दिवाणी दावा, आणि मुले रस्त्यावर. आमची मागणी साधी आहे: अंतिम रेखांकनाच्या मंजुरीसोबतच मोकळ्या व सुविधा जागांचा, तसेच रस्त्यांचा फेरफार व्हावा. जुन्या रेखांकनांसाठी ही मोहीम एका वर्षात पुरी करावी.

खरेदीखत नोंदवण्याआधी गट क्रमांक टाकताच क्षेत्र शेतीचे की रहिवासाचे, आरक्षण आहे का, रेखांकन मंजूर आहे का, हे खरेदीदारासमोर पडद्यावर यावे आणि त्याची प्रत दस्ताला जोडावी. निम्मी फसवणूक तिथेच थांबेल.

अकृषिक परवानगीचेही तेच. महसूल संहितेत कलम ४२-अ ते ४२-ड आल्यापासून विकास आराखड्यातल्या वापरासाठी आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी जुना खटाटोप उरायला नको होता. तरी लोक सनदेसाठी हेलपाटे घालतात. बांधकाम परवानगी मिळताच आकारणीचे चलन आणि सनद आपोआप निघावी.

शहर काळ्या जमिनीवर वसलेले आहे, हे राज्याच्या एका पुस्तकाला कसे कळणार? ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. लहान घरांच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे जातात ते यामुळेच. पाया किती खोल घ्यावा, मुरूम कसा भरावा, जोत्याखाली पट्टा कसा असावा, याचे दोन-तीन नमुना नकाशे महापालिकेने अभियंत्यांकडून करून विनामूल्य द्यावेत. रस्त्यावर थर चढत जातात आणि घरे खाली राहतात. म्हणून प्रत्येक वसाहतीची रस्त्याची पातळी ठरवून परवानगीतच लिहावी.

नियमावली इंग्रजीत आहे आणि तिच्यावरचे दुरुस्ती आदेश सुटे सुटे निघतात. आज नेमके कोणते कलम लागू आहे, हे सांगणारी दुरुस्त मराठी प्रत प्रत्येक नागरी सुविधा केंद्रात ठेवावी. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा येथेही ती हवी, कारण नियम त्यांनाही हेच आहेत.

आरक्षणांबाबत एकच: नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची मुदत कोणत्या जागांची संपत आली आहे, त्यांची यादी दरवर्षी जाहीर करावी. शाळा-उद्यानाची जागा केवळ दुर्लक्षामुळे हातची जाऊ नये.

वरील चारही खात्यांची संयुक्त बैठक एका महिन्याच्या आत बोलवावी, आमचे प्रतिनिधी तिला बसवावेत आणि इतिवृत्त लेखी द्यावे. वसाहतीच्या मोजणीसाठी आमचे परवानाधारक अभियंते विनामोबदला काम करतील. पहिली वसाहत कोणती घ्यायची, ते त्या बैठकीतच ठरावे.

आपले नम्र,
भूखंडधारक, परवानाधारक अभियंते व बांधकाम व्यावसायिक यांची संघटना, परभणी