बैठकीतला कॉम्प्युटर आपणच निवडूया

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात माझी भिशी लागली. बैठकीतल्या टीव्हीला जोडायला एखादा छोटासा, आवाज न करणारा कॉम्प्युटर घ्यावा, असं बरेच दिवस मनात होतं. मग काय, लेकाला बरोबर घेतलं आणि मैंदर्गीहून थेट सोलापूर गाठलं. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढचा पाऊण तास तो फक्त लेकाशी बोलत राहिला. पैसे माझ्या पर्समध्ये, पण माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही! शेवटी लाल-निळे दिवे लागणारा एक भलामोठा डबा त्याने चालू करून दाखवला. पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली. "हा आवाज कमी नाही का होणार?" मी विचारलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, टीव्हीचा आवाज वाढवायचा!"

आम्ही तसेच परत आलो. लेक हिरमुसला. मला मात्र एसटीत बसल्या बसल्या वेगळंच आठवत होतं. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी पोचले. आपल्यापैकी किती जणींनी तो कोर्स केला! सर्टिफिकेट मिळालं, ते कपाटातल्या फाईलमध्ये गेलं. पुढे घरात कॉम्प्युटर आला तो मुलाच्या खोलीत. आपल्या वाट्याला आलं ते त्याच्यावरची धूळ पुसणं.

आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येकाचा कोपरा वेगळा. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी गल्ली जमायची. आज एका घरातली चार माणसं एका ठिकाणी बसली तरी खूप झालं, आणि बसलीच तर ती टीव्हीपुढेच बसतात. म्हणून माझं म्हणणं असं, की त्या टीव्हीला काय जोडायचं हे त्या खोलीत वावरणाऱ्या बाईने ठरवावं. त्यासाठी इंजिनिअर असायला लागत नाही. मिक्सर, कुकर आपण पारखून घेतोच ना? तसंच हे.

पहिला प्रश्न गरजेचा. फक्त मालिका आणि सिनेमे बघायचे असतील तर कॉम्प्युटर घेऊच नका. टीव्हीला लावायची काडी मिळते, ती कितीतरी स्वस्त पडते. उलट काही वाहिन्यांचं चित्र कॉम्प्युटरवर कमी स्पष्ट दिसतं. पण मुलीचा प्रोजेक्ट, बचत गटाचा हिशोब, सरकारी अर्ज, पुण्याच्या नणंदेशी व्हिडिओवर बोलणं आणि जुन्या फोटोंचा साठा, हे सगळं एकाच ठिकाणी हवं असेल तर कॉम्प्युटर कामाचा. टीव्हीला मागे एचडीएमआयची खाच आहे ना, तेवढं निघण्याआधी बघा. जुन्या डब्यासारख्या टीव्हीला ती नसते.

दुसरा प्रश्न आवाजाचा. कॉम्प्युटरमध्ये आवाज करतात दोघे. एक पंखा आणि दुसरी जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क. तिच्याऐवजी एसएसडी मागा. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती मुकी आणि वेगवानही. काही छोट्या कॉम्प्युटरना पंखाच नसतो, धातूची पेटीच उष्णता बाहेर टाकते. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. असा कॉम्प्युटर काचेच्या बंद शोकेसमध्ये कोंबला तर तो तापून मंद होणारच. चारी बाजूंनी वारा लागेल असा ठेवा. पंखेवाला घेतला तर आतली धूळ मधूनमधून साफ करून घ्या, कारण धूळ बसली की पंखा जोरात फिरतो.

दुकानात एक परीक्षा जरूर घ्या. पंधरा मिनिटं सिनेमा चालू ठेवायला सांगा, आवाज अगदी शून्यावर आणा आणि हातभर अंतरावर कान द्या. घरघर ऐकू आली तर उठायचं!

तिसरा प्रश्न विजेचा. जुना मोठा कॉम्प्युटर शंभर वॅट खातो असं धरा. रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट झाले. छोटा कॉम्प्युटर सिनेमा दाखवताना १५ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला सव्वादोन युनिट. इंटेलची २०२३ साली आलेली एन१०० ही चिप अशाच कमी विजेच्या कामासाठी आहे. नवीन घ्यायचा तर ती किंवा तिच्यापुढची मागा. रॅम आठ जीबी, एसएसडी २५६ जीबी. घरच्या कामाला एवढं पुष्कळ.

हात आखडता असेल तर आणखी एक वाट आहे. मोठ्या कंपन्या कार्यालयातले पुस्तकाएवढे छोटे कॉम्प्युटर काही वर्षं वापरून विकतात. ते दुरुस्त होऊन बाजारात येतात आणि निम्म्याहून कमी किमतीतही मिळू शकतात. पण दोन गोष्टी बघा. चिप इंटेलची असेल तर आठव्या पिढीची किंवा पुढची हवी, कारण विंडोज ११ त्याहून जुन्यावर रीतसर चालत नाही आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाहीतर लिनक्स घालून घ्या, ती फुकट असते. दुसरं म्हणजे पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी. तोंडी भरवसा घेऊ नका.

मी शेवटी असाच वापरलेला घेतला, दुसऱ्या दुकानातून. सोबत बिनवायरचा कीबोर्ड घेतला, त्यालाच माऊसची पाटी आहे. पडद्यावरची अक्षरं दीडपट मोठी करून घेतली, म्हणजे सोफ्यावरून वाचता येतात. या पेटीत सीडी घालायला जागा नसते, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि आमच्या लग्नाची सीडी आत उतरवून घेतली.

आमचं गाव कर्नाटकाच्या सीमेला लागून, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, कन्नड भजनं लागतात. पहिले दोन दिवस त्या कीबोर्डला हात लावायला तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते आणि बाहेरून भजन ऐकू आलं. मला वाटलं, लेकाने लावलं. बघते तर घरात आत्या एकट्याच. "तूच दाखवलं होतंस की गं," म्हणाल्या. भजन स्पष्ट ऐकू येत होतं, कारण मध्ये घरघर नव्हती.

घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला कुणाला हाक न मारता लावता आला, तर तो कॉम्प्युटर चांगला. माझं माप आता हेच. तेव्हा मैत्रिणींनो, खरेदीला जाल तेव्हा लेकाला जरूर न्या, तो आपल्यापेक्षा चार गोष्टी जास्त जाणतो. पण दुकानदार त्याच्याकडेच बघून बोलायला लागला तर शांतपणे सांगा, "भाऊ, इकडे बघा. घेणारी मी आहे."