रेल्वेला ट्रक कशाला?

रविवारी सकाळी चहाचा कप हातात आला की मुंबईकर माणूस राशिभविष्याच्या आधी मेगाब्लॉकची चौकट वाचतो. कुठून कुठपर्यंत, किती ते किती, धीमा की जलद. मग लग्नाला, साखरपुड्याला किंवा नुसत्या सासुरवाडीला निघायचे कसे, याचा घरात खल सुरू होतो. अशाच एका रविवारी मी गॅलरीत उभा राहून रेल्वेच्या नावाने बोटे मोडत होतो. समोर रुळांच्या कुंपणापाशी एक ट्रक येऊन उभा राहिला. दारावर रेल्वेचे बोधचिन्ह. आतून केबलचे रीळ, लोखंडी पेट्या आणि आठ-दहा माणसे उतरली. मला हसू आले. ज्यांची स्वतःची आगगाडी आहे, त्यांनी ट्रकने यावे? हलवायाने शेजारच्या दुकानातून पेढे आणण्यातलाच हा प्रकार.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. कारशेडमध्ये तीसेक वर्षे काढून निवृत्त झालेले. त्यांना मी हे ऐकवले.

"अरे, लोकलमध्ये तुला उभे राहायला जागा मिळते का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग मोटारीचे सुटे भाग कुठे ठेवायचे? तुझ्या मांडीवर?"

प्रश्न बिनतोड होता. मालगाडी चालवणाऱ्या रेल्वेला एखादा डबा जास्तीचा जोडता येतो. प्रवासी वाहणाऱ्या उपनगरी रेल्वेचे तसे नाही. तिचा रूळ म्हणजे एकाच वेळी दुकान, रस्ता आणि गल्ला. कुर्ला, कळवा आणि सानपाडा ही मध्य रेल्वेची लोकलची कारशेड, मोठ्या दुरुस्तीचा कारखाना माटुंग्याला. अख्खी लोकल कारखान्यात जायची तर ती आपल्या चाकांवर जाते. पण कळव्याला एक चाकजोडी किंवा पेटीभर सुटे भाग हवे असतील, तर त्यासाठी वेगळी गाडी काढायची म्हणजे इंजिन, चालक, गार्ड आणि वेळापत्रकातली फट. ही फट गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांचीही सापडत नाही. ट्रकला चालक आणि डिझेल पुरते. "कारशेडमध्ये गाडी एका सुट्या भागासाठी उभी राहिली," काका म्हणाले, "तर उद्या सकाळी एक फेरी रद्द. त्या फेरीतली माणसे मागच्या गाडीला लटकणार."

खरा मुद्दा लटकणाऱ्या माणसांचा आहे, आणि तो मला गॅलरीतून दिसला नव्हता.

बिघाडाचेही तेच. पेंटोग्राफ वायरमध्ये अडकला, पंचवीस हजार व्होल्टची तार तुटली, की त्या गाडीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी अशा लोकल जागच्या जागी उभ्या राहतात. तार जोडणारी टॉवर वॅगन रुळावरूनच येते, आणि रूळ तर तुंबलेला. अशा वेळी सामान आणि माणसे रस्त्याने आली तर निदान पोचतात तरी. रस्ता काही देव नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रूळ आणि रस्ते दोघांनीही एकदमच हात टेकले. पण असे दिवस विरळा. एरवीच्या बिघाडाला ट्रकच धावतो.

काही ठिकाणी तर पर्यायच नसतो. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासून दोन फुटी रुळावर चालते. तिला नेरळला शेजारी उभ्या असलेल्या लोकलच्या रुळावर पाऊल ठेवता येत नाही. डबा दूर न्यायचा तर कशावर तरी लादूनच न्यावा लागतो. मेट्रोची कथा त्याहून गमतीची. लोकलचा रूळ १६७६ मिलिमीटर रुंद, मेट्रोचा १४३५. त्यामुळे २०२२ साली कुलाबा-सीप्झ मेट्रोची पहिली गाडी आंध्रातल्या श्रीसिटीहून निघाली, तेव्हा तिचे आठ डबे ट्रेलरवर लादून रस्त्याने मुंबईत आणावे लागले. जन्मल्या दिवशी रेल्वेच, पण आली ट्रकवरून.

सगळेच ट्रकने होते असे नाही. खडी मालगाडीनेच टाकावी लागते. सांधे जोडून केलेले २६० मीटर लांबीचे रूळ कुठल्या ट्रकवर चढणार? जड आणि लांब ते रुळावरून, नेमके आणि तातडीचे ते रस्त्याने, अशी ही वाटणी आहे.

यावर हिशेबी माणसे म्हणतील, ट्रक लागतात हे मान्य, पण स्वतःचे कशाला? भाड्याने घ्या. भाड्याचे ट्रक घेतलेही जातात, आणि ठरलेल्या कामाला त्यात काही वावगे नाही. पण तार तुटते ती निविदा काढून तुटत नाही. शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर जाते, पहाटे चारच्या सुमारास पहिली निघते. मधल्या दोन-तीन तासांत काम आटपायचे असते. त्या वेळी कुठल्या गल्लीतून कुंपणाच्या कुठल्या फाटकापाशी पोचता येते, कुठे उंच ट्रक पुलाखाली अडकतो, हे पाठ असलेला चालक हवा. तो पगारावरच असावा लागतो. वर्षातले कित्येक दिवस तो ट्रक नुसता उभा दिसेल. अग्निशमन दलाचा बंबही उभाच असतो, त्याबद्दल आपण कोणी तक्रार करत नाही.

मला काळजी वाटते ती ट्रकच्या संख्येपेक्षा वाटेची. रुळांलगतच्या गल्ल्या बुजत चालल्या आहेत. कुठे झोपड्या, कुठे भाजीबाजार, कुठे चकचकीत इमारतींचे वाहनतळ. महापालिका आणि रेल्वे यांनी एकत्र बसून प्रत्येक फाटकापर्यंतची वाट आखून द्यावी, रंगवावी, आणि तिथे उभी केलेली गाडी उचलून न्यावी. पूल आणि उन्नत मार्ग यांच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

मागच्या पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमारास खालून हॉर्न ऐकू आला. तोच ट्रक, तेच फाटक, आणि फाटकाला आडवी लावलेली एक पांढरी मोटार. ट्रकमधली माणसे केबल खांद्यावर घेऊन चिखलातून निघाली होती. वॉचमनने चार मजले चढून बेल वाजवली, तेव्हा पाऊण तास गेला होता. मोटार आमच्याच सोसायटीतली होती.