पेटी बसली, पण दिवा लागतो का?

तुमच्या ग्रामपंचायत कार्यालयात बहुधा भिंतीला एक पेटी लावलेली असेल आणि तिच्यात बाहेरून एक बारीक तार आलेली असेल. हेच ते 'भारतनेट'. पेटीचा दिवा लागलेला आहे की विझलेला, एवढं एकदा जाऊन बघा.

ही योजना जुनी आहे. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडायच्या, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये ठरवलं. २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळालं. २०१७ अखेर पहिल्या टप्प्यात एक लाखावर ग्रामपंचायतींपर्यंत तार पोचली. दुसऱ्या टप्प्यात आपल्या राज्याने 'महानेट' नावाने काम हाती घेतलं. आता देशात दोन लाखांवर ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' म्हणून नोंदल्या आहेत. पण सज्ज असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं. विहीर खणली, मोटार बसवली, पण लाइटच नाही, तर पीक भिजणार कसं?

लाइन बंद का पडते, ते पाटाच्या पाण्यावरून समजून घ्या. सुरुवातीला तार तालुक्यापासून एका गावाहून पुढच्या गावाला, अशी सरळ रेषेत गेली. पाट मध्येच फुटला की टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडं राहतं, तसंच इथं होतं. रस्ता रुंदीकरणाच्या किंवा नळयोजनेच्या खोदाईत जेसीबीने तार तोडली की पुढची सगळी गावं बंद. त्यात कार्यालयाची वीज गेली किंवा बॅटरी बसली, तर धड तारेचाही उपयोग नाही.

हा दोष सरकारनेही ओळखला. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात तार गोलाकार जोडायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्रामपंचायतीच्या गावापलीकडची सुमारे ३.८ लाख गावं 'मागणीनुसार' जोडली जाणार आहेत. म्हणजे जो मागेल त्याला मिळेल. गप्प बसणाऱ्याच्या दारी तार आपणहून येणार नाही.

कुणी म्हणेल, हातात मोबाइल आहे, मग फायबर कशाला? आम्ही विस्ताराची माणसं गावोगाव फिरतो, तेव्हा रेंजसाठी टेकाडावर चढलेली माणसं दिसतात. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी मोबाइलवर आहे. अनुदानाचा अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, केवायसी, सगळं ऑनलाइन. मुदत संपत आली की तालुक्याला हेलपाटा, एक दिवसाची मजुरी बुडाली, वर भाडं. फायबरने शिवारात रेंज येत नाही, हे खरं. पण गावातलं सेवा केंद्र चालतं, आणि टॉवरला मागून फायबर मिळाला तर त्याचाही वेग वाढतो.

नुसती तार आली म्हणजे काम झालं, असंही नाही. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत संगणक केंद्रं उभी राहिली. पुढे अभ्यासकांनी पाहिलं, तर शेतकरी मुख्यतः आपल्या उसाचा हिशेब बघायला तिथं येत होता. मग तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं गेलं. धडा सरळ आहे: ज्यात शेतकऱ्याचा पैसा आणि वेळ वाचतो, तेच टिकतं.

तेव्हा येत्या ग्रामसभेत चार गोष्टी करा. पेटी चालू आहे का, बंद असेल तर तक्रार कोणत्या तारखेला दिली, हे विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. पेटीला वीज आणि चालू बॅटरी असण्याची जबाबदारी ठरवा. वाडी-वस्तीसाठी मागणीचा ठराव करा. आणि गावात खोदाई करणाऱ्या ठेकेदाराने आधी कळवलंच पाहिजे, अशी अट घाला. त्यासाठी २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप आहे.

पाण्याची पाळी चुकली तर आपण पाटकऱ्याला जाब विचारतो. या लाइनचाही जाब तसाच विचारायला हवा.