उतारावरचा गिअर कोण तपासणार?

दुचाकीच्या लायसन्सवर आपल्याकडे स्पष्ट नोंद असते, गिअरची की बिनगिअरची. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये हे दोन वेगळे वर्गच आहेत. चारचाकीला मात्र हा भेद नाही. ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी दिली काय आणि क्लच-गिअरच्या गाडीवर दिली काय, हातात पडतो तो एकच ‘एलएमव्ही’चा, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचा परवाना. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओत क्लच दाबावा न लागणारा स्वस्त गिअरबॉक्स आणला. तोवर या त्रुटीने फारसं बिघडत नव्हतं, कारण शिकाऊ माणसाच्या हाती ऑटोमॅटिक गाडी क्वचितच यायची. आता ती सर्रास येते, आणि कायदा होता तिथेच आहे.

त्यात 6 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. एलएमव्हीचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येईल, वेगळ्या नोंदीची गरज नाही, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं. पोटासाठी टेम्पो चालवणाऱ्यांना त्याने दिलासा मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. ज्याने आयुष्यात कधी क्लच दाबला नाही असा माणूस जयपूरच्या मुहाना मंडीतून कांद्याने भरलेला टेम्पो घेऊन निघाला, तर त्याचा परवाना अगदी कायदेशीर ठरतो.

आमचं गाव विट्याजवळचं. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यातलंच आमचं घर. माझ्या नवऱ्याचं दुकान जयपूरच्या जोहरी बाजारातल्या एका गल्लीत आहे. मी गाडी शिकले ती जयपुरातच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरे क्लच-ब्रेक असतात. ते हवेतच, तसा नियम आहे. पण मी जिथे शिकायला जायचे तिथे क्लच दाबायचा तो शिकवणाराच, आणि मी नुसतं स्टिअरिंग धरून बसायचे. खरं शिकवलं ते ट्रान्सपोर्ट नगरमधल्या एका वयस्कर ट्रकचालकाने. त्यांना सगळे उस्तादजी म्हणतात.

त्यांनी मला नाहरगडाच्या रस्त्यावर नेलं. आमेरकडे जाताना जलमहाल मागे पडला की कनक घाटीतून हा रस्ता फुटतो आणि वळणं घेत अरवलीच्या डोंगरावर चढतो. चढावर मधेच गाडी थांबवायला लावायचे. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचललं की क्लचने पकडलं. मगच हँडब्रेक सोडायचा. गाडी बोटभरही मागे सरकली की पुन्हा पहिल्यापासून. उतरताना मात्र त्यांचं एकच सांगणं असायचं, “बेटी, जिस गियर में चढ़ी, उसी में उतरना.”

यामागचं कारण साधं आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की उतारावर चाकांना इंजिनही फिरवावं लागतं आणि इंजिन त्यांना रोखून धरतं, म्हणून ब्रेकला विसावा मिळतो. न्यूट्रलमध्ये सगळं वजन ब्रेकवर येतं. ते तापतात, लायनर पकडेनासे होतात. न्यूट्रलमध्ये उतरलं की डिझेल वाचतं हा समजही आता खरा नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन तोडलं जातं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. आणि ट्रकचं इंजिन बंद केलं, तर एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो. टाकीतली हवा चार-दोन वेळा ब्रेक दाबण्यात संपत जाते.

जयपूरहून गावी जाताना चित्तोडगड, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत थेट कराडपर्यंत 48 क्रमांकाचा एकच महामार्ग आहे. दिवाळीत खंबाटकी घाट चढताना रांगेतल्या गाड्यांमधून जळक्या क्लचचा वास येतो, कारण हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवतात आणि हँडब्रेकला कोणी हात लावत नाही. परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा तो लांब उतार लागतो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका ट्रकने कितीतरी वाहनं चेपली. इंधन वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. तिथून उतरताना मी दरवेळी वेळेआधीच गिअर खाली घेते, आणि आरशात पाहते ते मागच्या ट्रककडे. त्याने घेतला असेल का?

ऑटोमॅटिकला माझा विरोध नाही. बडी चौपडला ई-रिक्षांच्या गर्दीत डावा पाय भरून येतो, गुडघे दुखणाऱ्याने तर ती जरूर घ्यावी. पण त्या गाडीतही उतारावर खालचा गिअर धरून ठेवायला बहुधा ‘एल’ किंवा ‘एम’ असतं. ते कधी वापरायचं हे गाडी विकताना सांगत नाहीत आणि चाचणीत विचारत नाहीत.

नियमात मात्र हे सगळं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला पंधरावा नियम चाचणीत काय पाहायचं ते सांगतो. उतारावर चटकन खालचा गिअर टाकता यावा आणि तीव्र चढावर थांबून गाडी मागे न सरकता पुन्हा निघावी, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. नव्या स्वयंचलित चाचणी मार्गांवर छोटा चढ बांधतात, तेवढ्यावर दुसरी गोष्ट तपासता येते. पहिलीसाठी खराखुरा उतार लागतो. जयपूरला अरवली आहे, आपल्याकडे सह्याद्री आहे, मग सपाट मैदानावर परवाने का वाटायचे?

ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालेल्याला गिअरची गाडी चालवायची तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. आपणही परवान्यावर तशी नोंद करावी, दुचाकीला ती करतोच. आणि ज्याला टेम्पो चालवायचा आहे त्याची चाचणी टेम्पोवर घ्यावी, तीही माल भरून. रिकामा टेम्पो उतारावर कुठल्याही गिअरमध्ये थांबतो. भरलेला थांबत नाही.